गुरुवारची कौसल्या

भाऊराव गजभिये हे पूर्ण नाव त्यांच्या ऑफिसात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. कंपनी आंध्रच्या किनाऱ्यावरची, मालक तिकडचे, त्यामुळे 'राव' एवढं ऐकलं की सगळ्यांना हा आपल्यातलाच वाटे. अमेरिकेतले ग्राहकही 'मिस्टर राव'च म्हणत. खरं तर हा गडी भंडारा जिल्ह्यातला, तळ्याकाठच्या गावातला. पंचविशीत यूपीएससी द्यायला दिल्लीला आला, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, दोनदा हात हलवत परत आला आणि शेवटी इंग्रजी चांगलं लिहिता येतं एवढ्या भांडवलावर कोळंबी निर्यात करणाऱ्या कंपनीला चिकटला. दिल्लीला कलेक्टर व्हायला येणारे सगळेच काही कलेक्टर होत नाहीत. बाकीच्यांचं काय होतं हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगितलं.

कंपनीचं हे ऑफिस नोएडात, सेक्टर बासष्टमध्ये. इथून समुद्र बघायला निघालं तर दिवसरात्र रेल्वेत बसावं लागतं. पण मंत्रालयं दिल्लीत, दूतावास दिल्लीत, म्हणून कंपनीनं एक पाय इथे रोवून ठेवला होता. कोळंबी तिकडे तळ्यांत वाढायची, तिकडेच सोलली जायची, गोठवली जायची आणि जहाजात चढायची. भाऊरावांच्या वाट्याला यायच्या त्या तिच्या तक्रारी. वरचा बर्फच जास्त आहे, नग लहानमोठे निघाले, पेट्या फुटल्या. तक्रार कितीही तिखट आली तरी भाऊराव उत्तरात साखर घालत आणि ग्राहक टिकत. वीस वर्षं त्यांनी हेच केलं.

त्या ग्राहकांतली एक डोरीन. न्यू जर्सीतल्या एका आयातदाराकडे खरेदी बघणारी बाई, आता सत्तरीला टेकलेली. तिचा फोन दर गुरुवारी संध्याकाळी यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असते. पुष्कळ वर्षांपूर्वी ती एकदाच भारतात आली होती, फॅक्टरी बघायला, आणि जाताना दिल्लीत एक दिवस थांबली होती. तिला मोठ्या हॉटेलात जेवायला न्यायचं ठरलं होतं, पण भाऊरावांच्या बायकोनं, कौसल्यानं, ते हाणून पाडलं. "आपल्या घरचं मीठ खाल्लेलं माणूस उगाच भांडत नाही," हे तिचं व्यापारशास्त्र. तिनं आयएनए मार्केटातून ताजे झिंगे आणले, सुकं खोबरं आणि खसखस भाजून, लसणाची कंजुषी न करता रस्सा केला. डोरीनच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या, तरी तिनं तीनदा मागून घेतलं. कौसल्यानं नवऱ्याला दुभाष्या करून तिला तोंडावर सांगितलं की तुम्ही आमच्याकडून जे गोठवून नेता ते झिंगे नव्हेत, रबर आहे. नवऱ्याच्या कपाळाला घाम फुटला आणि दोघी बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेव्हापासून डोरीनचा फोन आला की पहिला प्रश्न "कौसल्या कशी आहे?" आणि कंटेनरची बात नंतर.

कौसल्या एकवीस सालच्या एप्रिलात गेली. त्या एप्रिलात दिल्लीत काय चाललं होतं ते मी नव्यानं सांगायला नको.

तीनेक आठवड्यांनी भाऊराव घरूनच पुन्हा कामाला लागले आणि डोरीनचा फोन आला. ती रडत होती. त्याच आजारानं तिचा एकुलता एक भाऊ गेला होता. लग्न तिनं केलं नव्हतं. जे काही घर म्हणायचं ते त्या भावाचं. बोलता बोलता ती म्हणाली, "तुम्ही दोघं तरी बरे आहात ना? एवढं तरी सांग मला."

आता भाऊरावांना नावं ठेवण्याआधी जरा थांबा. दुसऱ्याच्या दारी मयत झालेली असताना आपलं रडगाणं लावू नये, या संस्कारात हा माणूस वाढलेला. रडणाऱ्याला आधी पाणी द्यायचं असतं. भाऊरावांच्या तोंडून शब्द निघून गेले, "हो, हो. आम्ही दोघंही बरे आहोत."

पुढच्या गुरुवारी खरं सांगून टाकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तर डोरीननंच सुरुवात केली, की या महिन्यात ऐकलेली एकच चांगली बातमी म्हणजे तुम्ही दोघं सुखरूप आहात. झालं! खोटं बोललेलं एक वेळ फिरवता येतं, पण जिवंत आहे म्हणून सांगितलेलं माणूस पुन्हा मारायचं कसं? तो गुरुवार गेला, मग त्याच्या पुढचा गेला. आणि मग लाज वाटण्याऐवजी भाऊरावांना ते हवंसं वाटू लागलं.

कारण उरलेल्या आठवड्यात कौसल्याचं नाव कोणी काढत नव्हतं. गजभियांचा सगळा गोतावळा कौसल्याच्या मोबाइलमध्ये होता. आर. के. पुरममधली नागपूरची मंडळी, तिथली आंबेडकर जयंतीची वर्गणी, बारशी, लग्नं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं तिच्याकडे. भाऊरावांकडे होती फक्त अमेरिका. ती गेली आणि नाती पातळ होत होत आटून गेली. मुलगी लुंबिनी बंगळुरात नोकरीला. दर रविवारी तिचा फोन येई. जेवलात का बाबा, बीपीची गोळी घेतली का, तिकडे हवा कशी आहे. दिल्लीची हवा हा बापलेकीच्या बोलण्याचा एक कायमचा विषय. ती कधीच चांगली नसते, त्यामुळे विषय संपत नाही. आईचा विषय दोघंही बाजूनं वळसा घालून टाळत.

उरला गुरुवार. मंगळवार-बुधवारपासूनच मेट्रोत उभ्या उभ्या भाऊराव विचार करू लागत, की या आठवड्यात कौसल्यानं काय केलं असेल. मग डोरीनला सांगत. कौसल्याचा गुडघा धरलाय. कौसल्या भाजीवाल्याशी भांडली आणि त्यालाच घरी बोलावून चहा पाजला. कौसल्या इंग्रजी शिकायचं म्हणते, पण क्लासच्या बाईलाच मराठी शिकवून आली. एक मात्र मानलं पाहिजे, जिवंतपणी तिनं जे केलं नसतं ते भाऊरावांनी तिला कधी करायला लावलं नाही. एकदा डोरीन म्हणाली, भाऊ गेल्यापासून स्वयंपाक करावासा वाटत नाही, उभ्या उभ्याच काहीतरी खाते. भाऊराव म्हणाले, "कौसल्या म्हणते, एकटं असलं तरी ताट वाढून घ्यावं. माणसानं पातेल्यातून खाऊ नये." डोरीननं ते मनावर घेतलं, टेबलावर नवं कापड घातलं. आणि हे सांगणारे गृहस्थ स्वतः सेक्टर चौतीसच्या फ्लॅटमध्ये गॅसपाशी उभे राहून कुकरमधूनच खिचडी खात होते.

असं चार वर्षं चाललं, आणि पंचवीस सालच्या ऑगस्टात अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क बसवलं. कोळंबीवर आधीची शुल्कं होतीच, त्यावर हे. ऑफिसप्रमुख क्षिप्रा मॅडमनी भाऊरावांना केबिनमध्ये बोलावलं. ही इंदूरची मराठी मुलगी, पस्तिशीची, हुशार आणि मनानं चांगली.

"सर, बसा ना. अमेरिका तो गई, यार. सॉरी, तुम्हाला यार म्हटलं. पण टेन्शनच तसं आहे. आपला निम्म्याहून जास्त माल तिकडे जातो. सगळं एकाच दारावर अवलंबून ठेवलं, आता ते दार बंद. युरोप वाढवायचंय, जपान, कोरिया, रशिया, सगळीकडे ट्राय करायचंय. जपानला एकसारखा नग पाहिजे, युरोपला अँटिबायोटिकचा अंशही चालत नाही. प्रत्येकाचे नखरे वेगळे. युरोपचं तुम्हाला देते. तुमच्यासारखी चिठ्ठीपत्री कोणालाच जमत नाही."

"आणि डोरीन मॅडम?" भाऊरावांनी विचारलं.

"कोण?"

"न्यू जर्सीच्या."

"अच्छा, ते. ते आता इक्वेडोरकडेच जाणार ना सर. त्यांना जवळ पडतं, ड्यूटी कमी. आपला रेट तिथे टिकणारच नाही. ते अकाउंट बंद."

भाऊराव 'बरं' म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. मग वीस वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं, ते भांडायला उठले. म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, कागदावर. इक्वेडोरशी किमतीत टक्कर देता येणार नाही हे त्यांना दिसत होतं. पण इक्वेडोर माल विकतं बहुतेक अख्खा. सोलायला, निवडायला आपल्याइतके हात त्यांच्याकडे नाहीत. आपल्या फॅक्टरीतल्या बायका कोळंबी सोलून, शेपूट तशीच ठेवून, मसाला लावून काडीला टोचून देऊ शकतात. घेणाऱ्यानं फक्त भाजायची. हे डोरीनला द्या, असा प्रस्ताव त्यांनी लिहिला. दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीतही त्यावर बसले. क्षिप्रा वाचून खूश झाली, म्हणाली, "सर, बिल्कुल सही! हे आधी का नाही सुचलं आपल्याला?" त्या बिचारीला काय ठाऊक, की ही सगळी धडपड एका मेलेल्या बाईला आठवड्यातून थोडा वेळ जिवंत ठेवायची आहे.

प्रस्ताव मालकांकडे गेला. उत्तर आलं ते असं, की कल्पना उत्तम, पण अमेरिकेसाठी नाही. शुल्क किमतीवर बसतं. मालावर जितकी मेहनत जास्त तितकी किंमत जास्त आणि तितकाच दंडही जास्त. हाच माल युरोपला पाठवा. नमुने गेले, नेदरलँड्समधल्या एका व्यापाऱ्यानं ते उचलले, ऑफिसात केक कापला. भाऊरावांची कल्पना जिंकली आणि भाऊराव हरले. त्यांनी केकचा तुकडा कागदी बशीत घेतला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मान हलवली.

त्या गुरुवारी डोरीनचा फोन आला तेव्हा तिलाही सगळं कळलं होतं. तिच्या कंपनीनं इक्वेडोरशी करार केला होता आणि या गडबडीत तिनंही निवृत्त व्हायचं ठरवलं होतं. पुढचा गुरुवार शेवटचा. "मिस्टर राव," ती म्हणाली, "माझं एक काम कर. पुढच्या वेळी कौसल्याला ऑफिसात घेऊन ये. तिला फोन दे. मला तिचे आभार मानायचेत. तू तिचे निरोप दिले नसतेस तर भाऊ गेल्यानंतरची पहिली दोन वर्षं माझ्याच्यानं निभली नसती. तिला इंग्रजी येत नसलं तरी चालेल, मला फक्त तिचा आवाज ऐकायचाय."

भाऊरावांनी घशातून काहीतरी आवाज काढला. डोरीननं तो होकार समजून फोन ठेवला.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. त्या आठवड्यात भाऊरावांनी किती काड्या धरून पाहिल्या याला सुमार नाही. कौसल्या गावाला गेलीय म्हणावं? गावातही फोन लागतो. घसा बसलाय म्हणावं? मग डोरीन थांबेल. कौसल्याचं इंग्रजी चार वाक्यांचं, हॅलो, हाऊ आर यू, थँक यू, बाय. तेवढं कोणीही बाई म्हणेल. एकदा तर ते क्षिप्राच्या केबिनच्या दारात जाऊन उभे राहिले. तिनं मान वर केली, "बोला ना सर." ते म्हणाले, "एसी जास्त आहे का हो आज?" आणि परत आले.

मग रविवारी लुंबिनीचा फोन आला. लुंबिनीचा आवाज हुबेहूब आईचा. फोनवर पहिला 'हॅलो' ऐकताना भाऊरावांच्या छातीत अजून लक्कन होई. तिनं नेहमीसारखं जेवणाचं विचारलं, गोळीचं विचारलं.

"लुंबिनी, एक काम होतं," ते म्हणाले.

"बोला ना बाबा."

भाऊरावांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला. शेवटी भाऊराव म्हणाले, "काही नाही. तुझ्याकडे पाऊस आहे का?"

"आहे थोडा. बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"हो, हो. बिल्कुल."

गुरुवार उजाडला. संध्याकाळी ऑफिसातली मंडळी एकेक करून निघाली. भाऊराव मीटिंगच्या खोलीत दार लावून बसले, समोर फोन. तो वाजला तेव्हा पहिल्यांदा त्यांना वाटलं की उचलूच नये. नाही उचलला तर ती तिकडे जिवंतच राहील, कायमची. डोरीन म्हणेल, काहीतरी अडचण आली असेल, आणि पुढे कधीतरी कोणाला तरी सांगेल की माझी एक मैत्रीण आहे नोएडात. भाऊरावांना हा मोह फार झाला. पण आभार मानायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं कसं? हे कौसल्याला चाललं नसतं.

त्यांनी फोन उचलला.

"आहे का ती?" डोरीननं विचारलं. तिचा आवाज हसरा होता.

"नाही," भाऊराव म्हणाले. "ती नाही, डोरीन. ती गेली. तू तुझ्या भावाचं सांगितलंस ना, त्याच्या आधीच गेली होती."

भाऊराव वाट बघत राहिले. ती ओरडेल, खोटारडा म्हणेल, फोन आपटेल, आणि तिचं बरोबरच असेल.

डोरीननं विचारलं, "कशानं गेली?"

आपल्याकडे माणूस गेलं की लोक भेटायला येतात. सतरंजीवर बसतात आणि जो येईल तो तेच विचारतो. कशानं गेली, केव्हा कळलं, जवळ कोण होतं, काही बोलली का. घरचा माणूस प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो. बाहेरच्याला वाटतं, काय हा छळ. पण पुन्हा पुन्हा सांगून सांगूनच ते दुःख उचलण्याजोगं होतं, त्यासाठीच ही रीत असावी. त्या एप्रिलात कोणी कोणाकडे गेलं नाही. भाऊरावांच्या घरात सतरंजी अंथरलीच गेली नव्हती. पहिलं माणूस भेटायला आलं ते आज, चार वर्षांनी, आणि तेही न्यू जर्सीहून.

भाऊराव सांगू लागले. दोघांनाही ताप आला होता. तिला धाप लागली. बेड मिळेना, मिळाला तेव्हा आत फक्त तिला घेतलं.

"जवळ कोण होतं?"

"कोणी नाही. मी घरी होतो. मला उठवत नव्हतं."

"काही बोलली?"

"आदल्या दिवशी व्हिडिओ कॉल केला होता वॉर्डातल्या पोरीनं. तोंडावर मास्क, नीट ऐकू येत नव्हतं. म्हणाली, फ्रीजमध्ये झिंगे आहेत, साफ करून ठेवलेत, खराब होतील, करून घ्या." भाऊरावांचा आवाज इथे पहिल्यांदा फुटला. "ती गेल्यावर मी केले, डोरीन. तिच्यासारखंच खोबरं भाजलं, सगळं केलं. पण मला वासच येत नव्हता. चवही नाही. या आजारात जाते ना. मी सगळे खाल्ले आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. तिच्या हातचं शेवटचं होतं ते."

डोरीन रडत होती. भाऊराव रडत होते. मधूनच ती काहीतरी विचारी आणि ते सांगत. कंपनीचा फोन, कंपनीचा वेळ, आणि कोळंबीबद्दल व्यापाराचा एक शब्द नाही. शेवटी डोरीन म्हणाली, "मी तुझ्यावर रागावणार आहे. पण आज नाही." आणि मग, "तिच्यासाठी मला फार वाईट वाटतं, राव. आणि तुझ्यासाठीही." एवढं साधं वाक्य. ते त्यांना समोरून कोणी म्हटलंच नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा बाहेर दिवे लागले होते. भाऊरावांना वाटलं होतं हलकं वाटेल. हलकं नाही वाटलं. आता कौसल्या कुठेच नव्हती. न्यू जर्सीतही नव्हती. एवढ्या मोठ्या जगात ती जिथे भाजीवाल्याशी भांडत होती, गुडघ्याला तेल लावत होती, ती एकच जागा होती, आणि तीही त्यांनी आपल्या हातानं रिकामी केली. ते तसेच बसून राहिले. पहारेकरी दिवे बघायला आला, "साहब, अभी बैठोगे?" म्हणून गेला.

मग त्यांना एक गोष्ट उमगली आणि ते दचकले. आज जे डोरीनला सांगितलं, ते त्यांनी लुंबिनीला कधी सांगितलं नव्हतं. आई गेली हे तिला शेजारच्या बाईंनी कळवलं होतं; भाऊरावांना तेव्हा तापात शब्द फुटत नव्हता. बंगळूरहून तिला येता आलं नाही. आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. ती आठ दिवस राहिली, भांडी घासली, औषधं लावून ठेवली आणि परत गेली. तिनं विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. सातासमुद्रापलीकडच्या बाईपुढे मन मोकळं झालं आणि पोटची पोर तशीच राहिली.

रविवार नव्हता. लुंबिनीनं घाबरूनच फोन उचलला. "बाबा? काय झालं?"

भाऊराव म्हणाले, "बेटा, तुझी आई गेली."

बंगळुरात कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ते ऐकू येत राहिले. मग एक दार लागल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं.

"सांगा बाबा," लुंबिनी म्हणाली. "मी बसलेय."